पाठ राहिली

आमचे सर जंतूंना अहो-जाहो करत. प्रयोगशाळेतून रिपोर्ट आला की कागद हातभर लांब धरून वाचत आणि म्हणत, "क्लेब्सिएला आलेत. मुक्काम बऱ्याच दिवसांचा दिसतोय." एखादा जंतू जुन्या, साध्या औषधाला ऐकणारा निघाला तर त्यांचा चेहरा खुले. "हे सज्जन आहेत," असं मला हळूच सांगत. माणसांनाही ते अहो-जाहोच करत. वॉर्डातल्या मावशींना, जिन्यावर बसणाऱ्या वॉचमनला, मला, सगळ्यांना. पण जंतूंविषयी बोलताना त्यांच्या आवाजात जो ओलावा यायचा, तो माणसांशी बोलताना मी क्वचितच ऐकला.

मी साताऱ्याची. एम.डी. झाल्यावर घरच्यांना वाटत होतं की मी हृदयाकडं वळावं, निदान पोटाकडं तरी. मी मिरजेला संसर्गजन्य रोगांच्या फेलोशिपला आले. दोन वर्षांचं शिक्षण, जागा एक, आणि त्या वर्षी अर्जही एकच आला होता, तो माझा. माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगी नक्की कशाची डॉक्टर होतेय असं शेजाऱ्यांनी विचारलं की ते जरा थांबून "तापाची" म्हणायचे आणि पावसापाण्याचं काढायचे.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत आमचा विभाग होता. विभाग म्हणजे सर, मी, थोड्या खाटा, आणि इतर वॉर्डांतून येणारी बोलावणी. शस्त्रक्रियेवाले, हाडांवाले, अतिदक्षतावाले त्यांच्या रुग्णाचा ताप उतरत नसला की आम्हाला बोलवत. बोलवत खरे, पण सर आलेले त्यांना आवडत नसे. कारण सर जाऊन रुग्ण बघायचे, औषधांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि बहुतेक वेळा दोनच शब्द बोलायचे: "बंद करा." मोठमोठी अँटिबायोटिक्स, ज्यांच्यावर त्या डॉक्टरांचा देवासारखा भरवसा, ती सर बंद करायला सांगायचे. निवासी डॉक्टरांनी त्यांचं आडनावच बंदकरे ठेवलं होतं. "बंदकरे साहेब येतायत" अशी कुजबूज जिन्यातून वर जायची. सरांना ते ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक. एकदा फोनवर पलीकडून कुणी तरी चुकून तसंच म्हणालं, तर सर शांतपणे "हो, बोलतोय" म्हणाले.

ते कुणाच्याही हातात हात देत नसत. घड्याळ, अंगठी काही घालत नसत. बाह्या कोपराच्या वर. हात धुवायला लागले की मागं रांग लागायची. दार सताड उघडं असलं तरी वॉर्डात शिरताना चौकटीवर टकटक करायचे. डब्याची वेळ झाली की स्वतःचा डबा घेऊन गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसायचे. मी एक-दोनदा म्हटलं, सर, इथंच बसा की. ते म्हणाले, सवय आहे. कशाची सवय, ते तेव्हा मला कळलं नाही.

पहिला महिनाभर त्यांनी मला एकही औषध लिहू दिलं नाही. नुसतं विचारायचं. काय होतंय हे सगळेच विचारतात, ते म्हणायचे, तुम्ही तो कुठं झोपतो ते विचारा. पाणी कुठलं पितो, जनावरं कुठली, कुणाबरोबर जेवतो, अंगाला अंग लावून कोण निजतं, घरात आणखी कोण खोकतंय, गावाला कुठं जाऊन आला. रोग माणसाकडून माणसाकडं जातो किंवा जनावराकडून, मातीतून, पाण्यातून येतो. म्हणजे माणसाचे धागे कुठं कुठं जोडलेत ते कळल्याशिवाय त्याचा ताप कळायचा नाही.

आणि हे शिकवायची त्यांची पद्धत अशी, की ती बघायला पैसे देऊन लोक आले असते. दुपारची कामं उरकली की सर बाहेर जायचे, टकटक करून आत यायचे आणि स्टुलावर बसायचे. बसता बसता ते दुसरेच कुणी तरी झालेले असायचे. डोक्यावर वॉर्डातला टॉवेल, आवाज बसलेला. "काय सांगू बाई, पंधरा दिस झालं, सांज झाली की हुडहुडी भरती." मी प्रश्न विचारायचे आणि सर उत्तरं द्यायचे. कधी कोयनेकाठची म्हातारी, कधी आसामहून रजेवर आलेला जवान, कधी गुऱ्हाळावरचा गडी. त्या माणसांची घरं भरलेली असायची. म्हातारीचा धाकटा पुण्याला, सून लय ग्वाड पण आळशी, नातीला कुत्र्याचा नाद. जवानाची बायको रुसून माहेरी गेलेली. मी हसून हसून बेजार व्हायचे. सर मात्र निदान होईपर्यंत त्या माणसातून बाहेर यायचे नाहीत. मी नेमका हवा तो प्रश्न विसरले तर स्टुलावरून उठायचे, टॉवेल काढायचे आणि स्वतःच्या आवाजात म्हणायचे, "मेलो मी." मग हात धुवायचे आणि निघून जायचे.

मला त्या दुपारी आवडायच्या. मी खोली घेऊन एकटीच राहत होते. माझ्या बरोबरीचं शिकणारं तिथं कुणी नव्हतं. इतर विभागांत पाच-सहा जण एकत्र चहाला जायचे, भांडायचे, सिनेमाला जायचे. आम्ही दोघंच. त्यातले सर पूर्ण वेळ माणसांत नसायचे. पण त्या दुपारी आमच्या खोलीत माणसांची वर्दळ असायची.

जत तालुक्यातून एक धनगर आला होता, तिशीचा. चार-पाच महिन्यांपासून संध्याकाळचा ताप, दरदरून घाम, कंबर अशी दुखायची की मेंढरांमागं चालणं बंद झालेलं. कुठं तरी क्षयाची औषधं सुरू करून दिली होती, गुण नव्हता. सरांनी मला त्याच्यापाशी बसवलं आणि म्हणाले, उठायचं नाही. मी विचारत गेले. तो कंटाळून तेवढ्यास तेवढं बोलत होता. शेवटी थंडीत कळपात काही विशेष झालं का असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "झालं की. लय मेंढ्या गाभडल्या. मेलेली कोकरं वडून काढाय लागली." कशानं ओढून काढलं, हातमोजे होते का, असं मी विचारलं तर तो माझ्याकडं बघतच राहिला. मोकळ्या हातांनीच. मागं उभ्या असलेल्या सरांनी तळवे एकमेकांवर घासल्याचा आवाज मला आला. रक्ताच्या तपासणीत आठवड्यानं उत्तर आलं. ब्रुसेला. "हे फार जुने, मेंढरांबरोबर हिंडणारे," सर म्हणाले. "यांना आपण ओळखायला हवं होतं."

तो बरा होणार हे दिसायला लागलं तसे सर म्हणाले, घरच्यांचं रक्त तपासायला हवं. घरचे तळ टाकून आटपाडीकडं होते. फोनवर सांगून ते यायचे नाहीत, म्हणून सर आणि मी एसटीनं गेलो. माळावर उन्हात त्यांचा तळ. त्याची आई, भाऊ, भावजय आणि त्याची बायको, वीस-बावीस वर्षांची मुलगी. ती लांब बसली होती. सगळ्यांचं रक्त घेतलं, तिची पाळी आली तेव्हा म्हातारी म्हणाली की तिचं कशाला घेता, ती पांढऱ्या पायाची हाय. ती घरात आली, मेंढरं मरायला लागली, ल्योक आजारी पडला, आणि तिच्या पोटातलंबी ऱ्हायलं न्हाई. मुलगी जमिनीकडं बघत होती. तिलाही ताप यायचा, हे ती मला हळूच सांगत होती तेवढ्यात सर म्हातारीपुढं उकिडवे बसले. त्यांचा आवाज बदलला. दुपारी स्टुलावर बसल्यावर बदलायचा तसा.

"आज्जी, मेंढ्या गाभडल्या तवा त्यांना कुणी पांढऱ्या पायाचं म्हणलं का?"

"त्यांस्नी कशाला म्हणू?"

"मग हिला का म्हणताय? जे मेंढीला झालं, तेच हिला झालंय. तेच तुमच्या ल्योकाला झालंय. औषध दिलं की जाईल."

 म्हातारीनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि जागेवरून सरकून तिला बसायला जागा केली. हा रोग कच्च्या दुधातूनही येतो, म्हणून सरांनी दूध चांगलं उतू जाईपर्यंत तापवायला लावलं. चहा पिताना सर त्या लोकांत इतके मिसळून गेले होते की मला नवल वाटलं. मग धनगराच्या भावानं सहज विचारलं, "डागदरसाब, तुमची पोरंबाळं कुठं असत्यात?" सरांनी कपबशी खाली ठेवली, उठले आणि कळपाकडं चालत गेले. बराच वेळ ते मेंढ्या बघत उभे होते.  मी म्हटलं, सरांना जनावरांची आवड आहे.

त्या मुलीच्या रक्तातही तेच निघालं. दोघंही बरी झाली. पुढं तिला दिवस राहिले तेव्हा ती तपासायला आमच्याकडंच आली, आणि बरोबर तीच सासू होती.

मिरजेत सर तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत राहत. खाली एका मुसलमान कारागिराचं दुकान, वर सरांच्या दोन खोल्या. सगळे त्या कारागिराला चाचा म्हणत. सरांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. तरी ते मला एकदा म्हणाले होते की तंबोरा लावायला बराच वेळ लागतो, आणि तोवर खाली माणूस आहे हे कळत राहतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर एकदा सर कामावर आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. फोन उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गल्लीत गेले. चाचा दुकानात तंबोऱ्याचा भोपळा घासत बसले होते. मला ओळखत नव्हते, पण गळ्यातला स्टेथोस्कोप बघून उठले. "साहेब काल खाली उतरलं न्हाईत," ते म्हणाले. "मी हाक मारली तर आतनं म्हणले, येऊ नका. मी जेवण दारापाशी ठेवलं, ते तसंच हाय."

मी दार वाजवलं. सरांनी आतून विचारलं, कोण आहे. मग म्हणाले, मास्क लावा आणि लांब उभ्या राहा. मी दार ढकलून आत गेले. सर खाटेवर बसलेले, डोळे लाल, धाप लागलेली, बोलताना शब्द मागं-पुढं होत होते. ताप आठवडाभराचा होता. त्या तापात ते रोज कामावर येत होते आणि मला काही दिसलं नव्हतं, कारण ते नेहमीच लांब उभे राहत. तापाला थोडे दिवस द्यावेत, लगेच औषध मारू नये, हे त्यांचं तत्त्व. ते त्यांनी स्वतःवर चालवलं होतं. चाचा आणि मी त्यांना धरून खाली आणलं. रिक्षात बसवताना चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की साहेबांचं घर सांगलीत आहे, बाई आहेत तिथं. मला हे माहीत नव्हतं. दीड वर्ष मी त्यांच्याबरोबर रोज काम करत होते आणि सर अविवाहित आहेत असं धरून चालले होते.

अतिदक्षता विभागात त्यांना घेतलं. प्लेटलेट खाली आलेल्या, यकृत बिघडलेलं, फुप्फुसात पाणी भरायला लागलेलं. डेंगी नव्हता, मलेरिया नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून मोठी अँटिबायोटिक्स लावली. सरांनी डोळे उघडले, टांगलेल्या बाटलीकडं बघितलं आणि पुटपुटले, "बंद करा." कुणीही हसलं नाही.

मी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसले. मला दुसरं काही येत नव्हतं, जे शिकवलं होतं तेच. मी विचारायला लागले. सरांना ते लगेच कळलं. त्यांनी मान हलवून परवानगी दिली. फक्त या वेळी टॉवेल नव्हता आणि आवाज त्यांचाच होता.

मी विचारलं, गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुणाकडं गेला होता? कुणाकडं नाही. घरी कुणी आलं होतं? नाही. जेवायला बरोबर कोण असतं? कुणी नाही. घरात जनावर, मांजर, पक्षी? नाही. कुणाला ताप आहे, ओळखीत? त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ओळखीत कुणी नाही. तापात कुणी नाही असं म्हणायचं होतं की ओळखीचंच कुणी नाही, ते मी विचारलं नाही. इतके धागे शोधायला शिकवणाऱ्या माणसाचा एकही धागा माझ्या हाताला लागत नव्हता. प्रत्येक "नाही" सरांनी नीट, स्पष्ट, चांगल्या रुग्णासारखं सांगितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

शेवटी मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? ते म्हणाले, दंडोबाला जातो. मिरजेपासून जवळच दंडोबाचा डोंगर आहे. तिथं काय करता? बसतो. कधी आडवा होतो. कशावर? गवतावर.

मी त्यांना कुशीवर वळायला सांगितलं. सदरा वर केला. डाव्या खांद्याच्या पात्याखाली, विडीचा चटका बसल्यासारखी, गोल काळी खपली होती. कडेनं लाल. गवतातले डोळ्यांना न दिसणारे किडे चावून जो ताप येतो, त्याची ती खूण. स्क्रब टायफस. पावसाळ्यानंतर या भागात तो येतो, आणि ती खूण अंगभर शोधावी लागते, कारण किडा नेहमी आडोशाची जागा धरतो. हे मला सरांनीच शिकवलं होतं. माझ्या तोंडून काही निघायच्या आत ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "सापडली?"

मी हो म्हटलं.

"मी स्वतःला तपासलं होतं. सगळीकडं. पाठ राहिली."

डॉक्सिसायक्लिन साधं, जुनं औषध आहे. ते सुरू केलं. बाकीची मोठी औषधं मी बंद केली. सही माझी होती, आणि चुकलं असतं तर सर गेले असते.

सांगलीला फोन मी केला. त्यांना न विचारता. त्या बाई तासाभरात आल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सडपातळ, पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. मी त्यांना काकू म्हणाले. सर झोपले होते. काकू बाहेरच्या बाकड्यावर बसल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी हा विचारला, की मला बोलवा असं त्यांनी सांगितलं का? मी खोटं बोलू शकले असते. पण मी नाही म्हणाले. काकूंनी मान हलवली.

मग त्यांनीच थोडं सांगितलं. मोठी साथ आली तेव्हा या भागात संसर्गजन्य रोगांचा म्हणावा असा डॉक्टर सरच. सगळा भार त्यांच्यावर. घरी सासूबाई म्हाताऱ्या. आपल्यामुळं घरात आजार येऊ नये म्हणून सर चार कपडे घेऊन मिरजेला खोलीत राहायला गेले. पंधरा-वीस दिवसांसाठी म्हणून गेले. त्याच काळात सासूबाई वारल्या. साथ ओसरली, दुकानं उघडली, लग्नं व्हायला लागली. सर काही परत आले नाहीत. दिवाळीला येतात, ओट्यावर बसतात, फराळाचं खातात आणि जातात. "भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं," काकू म्हणाल्या.

त्यांना निदान सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, खपली कुठं आहे, मला बघता येईल का? मी त्यांना आत नेलं. सर कुशीवर झोपले होते. मी सदरा वर करून दाखवली. काकू वाकून बघत राहिल्या. किती दिवसांची असेल असं विचारलं. मी म्हटलं, आठवडा होऊन गेला असेल, जास्तच. त्यांनी माझ्या हातातून सदऱ्याचं टोक घेतलं आणि स्वतः हळूच खाली ओढलं.

सर जागे झाले. काकूंना बघून एकदम म्हणाले, "तू कशाला आलीस? मास्क लाव."

हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हे वैद्यकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. मी म्हटलं, सर, हा पसरत नाही. "माहीत आहे मला," ते म्हणाले. काकूंनी पिशवीतून मास्क काढला, लावला आणि खुर्चीवर बसल्या. ताप उतरेपर्यंत त्या रोज येऊन तशाच बसत होत्या. मी एकदा दारातून बघितलं, दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत होती.

बरे झाल्यावर सर सांगलीला जातील असं मला वाटलं होतं. ते मिरजेच्या खोलीतच गेले. काकूंनी आग्रह केला नाही. आठवड्यानं सर कामावर आले, चौकटीवर टकटक केली आणि मला म्हणाले की बाकीची औषधं बंद केलीत ते ठीक केलंत. स्वतःच्या आजाराविषयी ते एवढंच बोलले. पण त्यानंतर दुपारी स्टुलावर बसायचं त्यांनी सोडलं. मी विचारलं, सर, आज कोण येणार? ते म्हणाले, तुम्हाला आता येतंय सगळं.

माझी दोन वर्षं संपली. मी साताऱ्यात एका दवाखान्यात लागले. माझ्यानंतर मिरजेच्या त्या जागेसाठी कुणाचाच अर्ज आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. हळूहळू तो विभाग दुसऱ्या कामाला दिला गेला आणि सर निवृत्त झाले. अवघड रुग्ण आला की मी त्यांना फोन करायचे. ते रुग्णाविषयी अर्धा तास बोलायचे आणि रुग्ण संपला की फोन ठेवायचे. एकदा फोन काकूंनी उचलला. सर घरी राहायला आले होते. कसे आले, काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

गेल्या थंडीत मी त्यांना भेटायला सांगलीला गेले. सर वरच्या खोलीत असत, काकू खाली. जेवायला आम्ही तिघं बसलो. सर मोजकं बोलले. मी साताऱ्यात कुठले जंतू बघितले ते विचारलं, आणि त्यातल्या एकाविषयी ऐकून त्यांचा चेहरा पूर्वीसारखा खुलला. सर वर गेले तेव्हा मी काकूंना म्हटलं, बरं झालं ना, आले ते. त्या म्हणाल्या, "हो. आता वर पावलांचा आवाज तरी येतो."

मी निघाले तेव्हा सर म्हणाले, स्टँडपर्यंत येतो. साताऱ्याची गाडी लागलेलीच होती. मी चढले, तर सरही चढले आणि माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, गाडी सुटेपर्यंत बसतील. गाडी सुटली. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी आष्ट्याचं तिकीट काढलं. आष्ट्याला काही काम आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाले.

बराच वेळ दोन्ही बाजूंनी ऊस जात होता. सर पुढच्या सीटच्या दांड्याकडं बघत होते. त्याला हात लावलेला नव्हता. मग ते बोलायला लागले, एखादा रुग्ण सांगावा तसे.

साथीच्या दिवसांत, ते म्हणाले, आईनं निरोप पाठवला की एकदा येऊन जा. मी गेलो. फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिलो. आई वरच्या खिडकीत आली. तिला कमी ऐकू यायचं, मी मोठ्यानं बोलत होतो, गल्लीतली माणसं ऐकत होती. ती सारखी आत बोलवत होती. "आरं ये की आत, काय हुतंय? मी काय परकी हाय व्हय?" मी नाही म्हणालो. मी सबंध दिवस त्या वॉर्डात काढलेला होता. ती खिडकीतून हात करत होती, मी लांबूनच नमस्कार केला आणि गेलो. चार दिवसांनी ती गेली. तिला तो आजार नव्हता. तपासणी केली होती, नव्हता. झोपेत हृदय बंद पडलं.

मी काही तरी म्हणायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं.

"मी केलं ते बरोबर होतं. तुम्ही असता तर तुम्हालाही मी तेच करायला सांगितलं असतं," ते म्हणाले. "पण नंतर त्या फाटकातून आत जाताना पाय उचलायचा नाही. मी बरोबर होतो म्हणूनच उचलायचा नाही. चुकलो असतो तर तुमच्या काकूंची माफी मागून आत गेलो असतो."

आष्टा आलं. सर उठले. मला सांभाळून जा म्हणाले आणि उतरले. मी खिडकीतून विचारलं, परत कसे जाल? सांगलीला इथून सारख्या गाड्या असतात, ते म्हणाले, आणि पलीकडं जाऊन उभे राहिले. आमचा ड्रायव्हर चहाला उतरला होता, त्यामुळं गाडी थोडा वेळ तिथंच होती. सांगलीची एक गाडी आली, थांबली, माणसं चढली. दारात उभ्या कंडक्टरनं सरांना हाक मारून विचारलंही असावं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ती गाडी गेली. आमची निघाली तेव्हा मी मागं वळून बघितलं. सर तिथंच उभे होते, आणखी एक गाडी यायची वाट बघत.